मोठ्याने वाच, कृतिका

कृतिकाचे ओठ हलत, पण आवाज येत नसे. ऑनलाइन शाळेतल्या दुसरीच्या वाचनतासाला ती फुलपाड्यातल्या खोलीतून बसायची. भाड्याची खोली वरचेवर बदलावी लागते, निदान पोरीची शाळा तरी एकच राहावी, म्हणून तिच्या वडिलांनी, प्रितेशने, तिला इथे घातले होते. गिरीज गावातल्या आपल्या घरातून शिकवणाऱ्या कार्मिन टीचर तिला पुनःपुन्हा सांगत, "मोठ्याने वाच, बाळा. घाबरू नकोस." त्या जितक्या उत्साहाने सांगत, तितकी ती फोनवर अधिकच वाकून बसे.

शुक्रवारी सकाळी जेसिकाचा फोन आला. एकेकाळी कार्मिनच्याच वर्गात शिकलेली जेसिका आता शाळेच्या वाचनगटांची प्रमुख होती.

"टीचर, कृतिकाला सोमवारपासून अक्षरगटात घालू या."

"पुन्हा अ-आ-इ? कंटाळून फोन बंद करेल ती. मग परत यायची नाही."

"आवाजच येत नाही, मग वाचनाचे मी मोजू काय? ओठ?"

त्या दुपारी टीचरांनी मुलांना घरातली लाल वस्तू दाखवायला सांगितली. कृतिका फोन हातात घेऊनच उठली आणि कॅमेरा खोलीभर फिरला. तिच्या मागे, हातभर अंतरावर, रात्रपाळी करून आलेला प्रितेश डोळ्यांवर पंचा टाकून झोपला होता.

कार्मिनचा हात नकळत आपल्या माइककडे गेला. त्यांचे ते 'मोठ्याने, मोठ्याने' या एवढ्याशा खोलीत रोज घुमत होते तर!

बाकीची मुले गेल्यावर त्यांनी कृतिकाला थांबवले, माइक बंद केला आणि पांढऱ्या फळ्यावर लिहिले : 'डोक्यावर वाटी ठेव.'

ओठ हलले. कृतिका उठली आणि मान ताठ धरून, डोक्यावर वाटी घेऊन परतली.

'आता एका पायावर उभी राहा. वाटी पाडू नकोस.'

तिने आधी वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली, मग पाय उचलला. हसताना तिचे खांदे गदगदत होते. आवाज मात्र नव्हता.

टीचरांनी लगेच जेसिकाला फोन लावला. "ती वाचते गं. मनात वाचते. तूसुद्धा चर्चमध्ये मिस्साच्या वेळी शेवटच्या बाकावर बसून मनातच प्रार्थना म्हणतेस ना? फादर तुला खालच्या गटात टाकतात का?"

जेसिका हसली. "टाकतील एक दिवस! पण टीचर, मी स्वतः बघणार. तुम्ही मायेपोटी आधीच पढवून ठेवाल."

"मग वाक्ये तूच लिही. मी नुसती बघत बसते."

सोमवारी जेसिकाने पडद्यावर लिहिले : 'पाण्याच्या माठाला हात लावून ये.' कृतिका जाऊन आली. 'आईची ओढणी गळ्यात घाल.' तिने घातली. जेसिकाला उत्साह चढला आणि भरात तिने पुढचे वाक्य लिहिले : 'आता जोरात टाळी वाजव!'

गिरीजला बघत बसलेल्या कार्मिन टीचर पडद्याजवळ सरकल्या.

कृतिकाने दोन्ही हात वर केले. मागे वळून झोपलेल्या वडिलांकडे पाहिले. मग पुन्हा समोर पाहत तिने तळवे वेगाने जवळ आणले आणि टेकायच्या आत थांबवले. जेसिकाला कळले की नाही, अशी शंका आल्यामुळे तिने एक बोट मागे दाखवले आणि दुसरे ओठांवर ठेवले.

जेसिकाने टाळीचे वाक्य पुसले. मग अक्षरे आली : 'माझे चुकले. तू बरोबर वाचलेस. तू याच गटात राहशील.'

कृतिकाने ते वाचले, फोन जवळ ओढला आणि पुढच्या वाक्याची वाट पाहू लागली.