अनानी बाबाची न्यायी गिटार

अख्खं द्रेन गाव चिखल तुडवत अनानीच्या अंगणात लोटलं होतं. कालपर्यंत लग्नांत गिटार वाजवणारा हा अनानी आता बाबा झाला होता. त्याच्या गिटारीला म्हणे पाप कळतं! रबरी बूट काढायचे, ओल्या मातीवर अनवाणी उभं राहायचं आणि तारा धरायच्या. पापी असेल तो फेकला जातो.

विधवा स्तॉयनावर गावच्या गवताची गंजी जाळल्याचा आळ होता. तिनं तारा धरल्या मात्र, किंचाळून आडवीच झाली.

"बघा, पाप कसं बाहेर पडतंय," अनानी म्हणाला. "मी काय, आपला निमित्तमात्र."

झालं. तिचा सख्खा दीर गेन्चो काठी घेऊन धावला. पहिल्याच तडाख्यात तिचा हात कोपरातून मोडला. मागून कुणी तरी रॉकेल मागितलं.

टीव्ही दुरुस्त करणारा झेल्यो गर्दीतून पुढं घुसला. गिटारीचा तो ॲम्प्लिफायर त्याच्याच हातचा. भंगारातल्या टीव्हींचे काचेचे व्हॉल्व्ह, दारूगोळ्याची रिकामी पेटी, पडक्या सिनेमाघराचा कर्णा. घरची वीज गिटारीपासून लांब ठेवणारा ट्रान्सफॉर्मर महाग, म्हणून याच मेल्यानं तो गाळला होता. विजेची एक तार थेट पेटीच्या पत्र्याला, पत्र्यावरून गिटारीला.

तो स्तॉयनावर आडवा पडला. पाठीत दोन काठ्या बसल्या, ओठ फाटला.

"सरक झेल्यो, नाहीतर तुलाही चेचतो," गेन्चो म्हणाला.

"चेच. आधी हे बघ."

झेल्योनं खिशातला टेस्टर गिटारीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल झाला. मग वायरीच्या मागं जात त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात टांगलेला पडदा ओढला. आत अनानीचा मेहुणा प्लगपाशी बसलेला. झेल्योनं दोन पिनांचा तो प्लग उपसून उलटा खोचला. आता टेस्टर पेटेना. बूट काढून त्यानं तारा मुठीत धरल्या. काही झालं नाही.

"प्लग असा खोचला की पुण्यवान, फिरवला की पापी. बाबांचा न्याय एवढाच. आणि ट्रान्सफॉर्मर न घालता हे धूड बनवणारा गाढव मी."

लोकांनी अनानीला धरलं, बूट ओरबाडले. "फिरव प्लग, याला चिकटव," गेन्चो ओरडला. झेल्योनं वायरच उपटली.

"त्याचं पोलीस बघतील. विजेनं हिला नुसतं पाडलं. हात कुणी मोडला?"

"मला काय ठाऊक होतं हे?"

"नव्हतं ना ठाऊक? मग काठी ठेवून विचारायचं, असं का झालं. कळत नाही तिथं माणसानं आधी विचारावं, मारू नये."

गेन्चो वहिनीला उठवायला वाकला. ती मोडका हात छातीशी धरून, चिखलातून सरपटत त्याच्यापासून लांब गेली.