गाठीतली दादर

एरंडोलबाहेरच्या चिंचेखाली ताटलीत लाल गोळा थपकन पडला आणि सगळा जमाव उठून उभा राहिला. गाठीबाबानं मंजुळाबाईच्या पोटातून गाठ काढली होती. ना चाकू, ना टाका! ओल्या फडक्याखाली बोटं दाबली, रक्त आलं, गाठ बाहेर.

"डाक्टरनं रक्तातून पीडा हाकलली, ती पोटात लपली होती!" बाबा गरजला. "बांधावर पुरा. या बाईला लोखंड लावू नका, हिच्या गाठीलाही नको. लावलं की परत फिरेल!"

मंजुळाबाईचा नवरा पितांबर हात जोडून उभा होता. एका विषाणूमुळे बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईच्या औषधांनी तो जरा आवरला, तोच पोटात गाठ लागली. देवपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा दुसराच कॅन्सर आहे. त्या आजारानं अंगातली राखणच मोडली, म्हणून यालाही वाट मिळाली. ऑपरेशन लवकर करू. पण बरी होईलच, असं मी म्हणणार नाही."

बाबा म्हणत होता, होईलच. मग पितांबर कोणाकडे जाणार? होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्यानं नुसता बाबाचा अंगारा लावला, आणि आज गाठ निघाली होती.

घरी आल्यावर मंजुळाबाईनं हात पुढे केला. "दाखाडा तं खरी. मन्हाच पोटमाईन निंघनी ना?"

गोळा दाबून पाहिला आणि ती हसली. "आवो, हाई तं कोंबडीना पोटा शे!"

"वहिनी, चूप ऱ्हा! बाबा कोपी," शेजारचे झुलालनाना ओरडले.

"आजून काय करी बाबा, नाना? दोन कॅन्सर तं आंगमा शेतस."

तिनं विळ्यानं गोळा चिरला. आत कोंबडीनं टिपलेले खडे आणि दादरीचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे.

"मी कच्ची दादर कव्हय खादी?"

मग तिनं पितांबरचा हात आपल्या पोटावर ठेवला. गाठ तिथंच होती. तेव्हा त्याला कळलं, बाबाला लोखंडाचं भय का होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पितांबरनं बाबाचं फडकं हिसकून झटकलं. घडीतून बकऱ्याच्या रक्ताची फुगलेली रबरी पिशवी पडली. बाबा चपला सोडून पळाला.

ऑपरेशन झालं, पण गाठ पसरली होती. मंजुळाबाईनं पोळा पाहिला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आधी आला असतात तरी खात्री नव्हती." त्या तेव्हाही खोटं बोलल्या नाहीत. पण होळी ते आखाजी हा काळ तिचा होता, तो पितांबरनं बाबाला देऊन टाकला.

कोणी गाठ काढून दाखवली, तर हात जोडू नका. आधी ती चिरा. मग आपल्या माणसाच्या अंगावर हात ठेवून बघा.