पुठ्ठ्यावरची वर्तुळं

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. पूर्वी मी कपडे धुण्याच्या यंत्राचं खोकं होतो. कारखान्यात माझ्या अंगावर ठळक बाण छापून 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं. यंत्र घरात गेलं, मला उसवून सपाट केलं आणि तेव्हापासून मी आडवा पडून आहे. बाण अजूनही आहेत. ते भिंतीकडे बोट दाखवतात.

मला पसरलं बाईंनी. बाई शाळेत भूमिती शिकवायच्या आणि एक जुनी गाडी चालवायच्या. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी वर आणि मी खाली, असा आमचा संसार होता. रोज सकाळी बाई उकिडव्या बसून माझ्याकडे बघत. रात्रीतून तेलाचा थेंब पडला असेल तर त्याच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढत आणि तारीख घालत. कंपास न घेता काढलेलं वर्तुळ, पण कुठून सुरू झालं ते मलाही कधी सापडलं नाही. मग त्या बजावत, "मोटार म्हातारी झाली की तिला सारखं 'कशी आहेस' विचारत नाहीत. खाली वाकून बघतात." मी एवढी वर्षं अंगावर तेल झेललं, पण असं कौतुक एकदाच झालं. त्या एकदा गॅरेजवाल्याला म्हणाल्या होत्या, "तुझ्यापेक्षा माझा पुठ्ठा खरं बोलतो."

त्यांच्या यजमानांना सगळी गल्ली 'बाईंचे मिस्टर' म्हणायची. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते लाइटबिलावर. गाडीत ते डाव्या सीटवर बसत आणि मागून कोणी येत नाही ना, ते सांगत.

चार महिन्यांपूर्वी बाई दवाखान्यात गेल्या. गाडी परत आली ती शेजारणीच्या मुलाने आणून लावली. बाई आल्या नाहीत.

मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागद असतो आणि हवा. मिस्टरांच्या आत काय होतं, मला ठाऊक नाही. ते रडले नाहीत. चहा करत, दोन कप ओतत, एक तसाच ठेवून देत. बाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून दर रविवारी शेडमध्ये येत, गाडी दहा मिनिटं सुरू करत आणि स्टिअरिंगसमोर बसून भिंतीकडे बघत. खाली वाकणं हे बाईंचं खातं होतं. तिकडे ते गेले नाहीत.

मुलगी परगावाहून फोन करायची. "बाबा, भंगारवाला सोमवारी येतोय. गाडी देऊन टाका. तुम्ही कुठे चालवणार आहात?"

"बरं," मिस्टर म्हणायचे. आजकाल ते सगळ्यालाच बरं म्हणत.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मिस्टरांनी गाडी सुरू केली आणि भिंत बघू लागले. दुसऱ्याच मिनिटाला माझ्यावर थेंब पडला. मग थेंबाला थेंब लागला, मग धार. तेल गरम होतं. बाईंची वर्तुळं एकेक करून बुडाली, मी काठोकाठ भिजलो आणि उरलेलं तेल उतारावरून फाटकाखालून गल्लीत निघालं. मला ओरडता येत नाही. माझ्यावर जे छापलंय तेवढंच मी बोलू शकतो, आणि ते या प्रसंगी उपयोगाचं नव्हतं.

शेजारीण झाडू घेऊनच धावत आली. "अहो मिस्टर, तुमची गाडी रस्ता सारवायला निघालीय! समोर लाल दिवा लागलाय का बघा!"

"लागलाय," मिस्टर शांतपणे म्हणाले.

"मग बंद करा की!"

"बंद करू?"

"नाहीतर काय, आरती ओवाळू तिला?"

त्यांनी किल्ली फिरवली. मग खाली उतरले, गुडघ्यावर हात ठेवून, कुरकुरत, पहिल्यांदाच वाकले. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी मला ओढलं. मी इतका मऊ झालो होतो की एक कोपरा त्यांच्या हातात गेला आणि बाकीचा मी तिथेच राहिलो. तेव्हा ते थांबले. मग दोन्ही हात उताणे माझ्याखाली सरकवून त्यांनी मला बाहेर काढलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं.

गॅरेजवाला आला. त्याने तेलाची पट्टी ओढून बघितली. "टोकाला लागलंय. वाचली! आणखी पाच मिनिटं चालली असती तर इंजिन जाम झालं असतं, मग भंगारवाल्याशिवाय कोणी विचारलं नसतं. आता कुठून गळतंय ते शोधायला सगळं खोलावं लागेल, काका. दोन दिवस लागतील. हा पुठ्ठा टाका, दुसरा देतो."

"नको," मिस्टर म्हणाले. चार महिन्यांत 'बरं'च्या जागी आलेला हा पहिला नकार.

गॅरेजवाल्याने मला उजेडात तिरपं धरलं. मित्रांनो, शाईचं लिखाण तेलात विरघळलं असतं, पेन्सिलीचं राहिलं. काळ्या अंगावर वर्तुळं चकाकली. सगळ्यात शेवटच्या वर्तुळाशी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची तारीख होती आणि खाली ओळ : 'फिल्टरच्या बाजूने. रबराची रिंग बदलून घेणे.'

"घ्या!" गॅरेजवाला म्हणाला. "बाईंनी पेपर आधीच तपासून ठेवलाय. मला फक्त सही करायचीय."

तासाभरात नवा फिल्टर, नवी रिंग, नवं तेल. जाताना तो म्हणाला, "काका, नुसती उभी ठेवून सुरू करू नका. उभ्या-उभ्या रबर वाळतं. फिरवा तिला."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मिस्टर शेडमध्येच होते.

"बाबा, उद्या सकाळी दहाला येईल हं तो."

"उद्या नको."

"मग कधी?"

"अजून बघायचंय."

"काय बघायचंय?"



आता मी वाळलोय, कडक झालोय, एक कोपरा कमी आहे. मला पुन्हा गाडीखाली पसरलं आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल, जुनं माणूस असेल. त्यांच्याबद्दल भाषण करू नका. सकाळी एकदा वाकून बघा, आणि काय दिसलं ते लिहून ठेवा, पेन्सिलीने. एवढंच मागणं आहे.

मंगळवारी मिस्टर गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. उजव्या सीटवर बसून. बुधवारी सकाळी माझ्यावर एक थेंब होता, कुठेतरी अडकून राहिलेला. ते उकिडवे बसले. खिशातून पेन्सिल काढली. बराच वेळ लावून त्यांनी थेंबाभोवती वर्तुळ काढलं. ते बटाट्यासारखं झालं. त्यांनी ते खोडलं नाही. खाली तारीख घातली.