नावेतली सहा मिनिटं

"ते बाण दाखवणारं टाकू नको बरं, आकू. मग तू मला काहीच विचारणार न्हाईस," गुंजन फोनवर म्हणाली होती.

"काहून न्हाई विचारणार? तू काय बाणापेक्षा कमी हुशार हायेस का?"

"मी लाख हुशार. पण मला यायला उशीर लागतो. बाण तिथंच बसलेला असतो, टपून."

आकांक्षा हसली होती आणि हसता हसताच तिनं गेमला वरून जोडायचं ते अ‍ॅड-ऑन उतरवून घेतलं होतं.

दोघी हिंगोलीला कॉलेजात एका बाकावरच्या. बी.एस्सी. झाली, लग्नं झाली. आकांक्षा कुरुंद्याला आली, गुंजन आखाडा बाळापूरला गेली. अंतर म्हणाल तर काही फार नाही. पण कडेवर लेकरू असलेल्या बाईला शेजारचं गावसुद्धा परमुलखासारखं. म्हणून त्या भेटायच्या ऑनलाइन गेममध्ये. प्रमोदच्या, म्हणजे आकांक्षाच्या नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर, दुपारी, तिची झोळीतली लेक चिमी झोपली की. तिथं आकांक्षा तिरंदाज होती आणि गुंजन वैद्यीण. जंगलं, गढ्या, राक्षस आणि गावोगावच्या लोकांनी सांगितलेल्या कामगिऱ्या. त्यांना खेळणारे क्वेस्ट म्हणतात. याचं हरवलेलं शेळीचं पिल्लू आणून दे, त्याच्या भावाला निरोप पोचव, असलं काहीबाही.

त्यातली एक क्वेस्ट म्हणजे कंदील. नदीपल्याडच्या बुरुजावर कंदील पेटवायला तेल घेऊन जायचं. बक्षीस काय, तर दोन साधे बाण. कुणी ढुंकून बघत नसे. पण ती रोज नव्यानं करता यायची आणि पलीकडं जायला एक नाव होती. ती नाव इतकी रमतगमत जायची, की नदी ओलांडायला बराबर सहा मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात काही मारायचं नसतं, काही उचलायचं नसतं. दोन बाया नावेत बसायच्या आणि एकमेकींना लिहायच्या. टाके अजून ओढतात. दूध पुरत न्हाई असं सगळे म्हणून राहिले. काल उगाच रडू आलं. फोनवर हे बोलता येत नाही, फोनवर बोललेलं घरभर ऐकू जातं. टाइप करायला आवाज नसतो.

"मला बोलायचंय" असं दोघींपैकी एकीनंही कधी लिहिलं नाही. लिहायच्या ते एवढंच, "कंदील करू का?"

पुढं चिमी वर्षाची झाली आणि तिची दुपारची झोप चाळीस मिनिटांवर आली. त्यातली दहा मिनिटं आकांक्षाची तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघण्यातच जायची. चालतोय ना? चालतोय. पुन्हा एकदा बघू. उरलेल्या अर्ध्या तासात कुठं जाऊ आणि काय शोधू, असं व्हायचं. म्हणून ते अ‍ॅड-ऑन. पडद्यावर पिवळा बाण, बाणाखाली अंतर. इकडं जा, याच्याशी बोल, हे उचल, झालं. चार दिवसांची क्वेस्ट वीस मिनिटांत.

त्यात चौकटी होत्या, खूण करायच्या. त्यातली एक, 'मित्रांनी क्वेस्टविषयी विचारल्यास आपोआप उत्तर द्या, आणि उत्तर दिलेलं संभाषण बाजूला ठेवा.' आकांक्षानं ती वाचली होती. न वाचता खूण केली असं तिला पुढं स्वतःलाही सांगता आलं नाही. तिला वाटलं, बरंच आहे की. गेममधल्या गटातली कॉलेजची पोरं दिवसभर 'अमुक कुठं मिळतं' म्हणून कान खातात, त्यांना परस्पर उत्तर जाईल.

दोन महिन्यांनी गुंजन बाळंत झाली. मुलगा. सव्वा महिन्यानं ती पुन्हा गेममध्ये दिसायला लागली. तिच्या नावापुढं हिरवा ठिपका असायचा, पण बोलायची काही नाही. आकांक्षाला वाटलं, थकत असेल. दोनदा फोन केला. "बरी आहे गं," गुंजन म्हणाली, आणि मागं कुणीतरी भांडी लावत होतं. नसेल बोलायचं तिला आत्ता. आपण तरी किती मागं लागावं?

असे तीन आठवडे गेले.

मग एका मंगळवारी गेमचा नवा अपडेट आला आणि अ‍ॅड-ऑन मोडलं. बाण गेला, चौकटी गेल्या. बाजूला घडी घालून ठेवलेलं सगळं एकदम पडद्यावर येऊन पडलं. वर पोरांचे प्रश्न होते. खाली गुंजन.

"कंदील करू का?"

त्याखाली, आकांक्षाच्या नावानं: "नावेनं जाऊ नका, सहा मिनिटं वाया जातात. मागच्या सुळक्यावरून उडी मारा."

दुसऱ्या दिवशी, "आकू, आज कर ना कंदील." खाली तेच. नावेनं जाऊ नका, सहा मिनिटं वाया जातात.

"मला माहिताय गं सुळका. मी नावेचंच म्हणून राहिले. कंदील."

नावेनं जाऊ नका.

असं अकरा वेळा. शेवटी शेवटी गुंजननं कंदिलाचं नावच काढलं नव्हतं. "तुझा वेळ वाया घालवला. कळलं मला." आणि सोमवारी दुपारी, म्हणजे कालच, "माझं सगळं तुझ्या पेटीत टाकलंय. मला आता लागणार न्हाई."

आकांक्षानं गेममधली टपालपेटी उघडली. वैद्यिणीची काठी. औषधांच्या कुप्या. तीन वर्षं राबून मिळवलेला पांढरा घोडा, ज्याला गुंजन कुणाला हातसुद्धा लावू देत नसे. अंगावरचा झगासुद्धा काढून पाठवला होता.

गुंजनचा फोन बंद. तिच्या नवऱ्याला, अनिरुद्धला लावला. तो हिंगोलीला बँकेत काउंटरवर, उचलेना. मग प्रमोदला लावला.

"गेमातला घोडा दिला म्हणून तू बाळापूरला निघाली का?" तो हळदीच्या अडतीवर होता, मागं माणसं ओरडत होती. "कंटाळली आसंल खेळायला. तुझं एक काहीतरीच आसतं राव. परवा चिमीला शिंक आली तर तू दवाखान्यात नेलं."

खोटं नव्हतं ते. आपलं मन असंच आहे, पानाची सावली पडली तरी साप म्हणणारं, हे आकांक्षाला पुरतं ठाऊक होतं. ती फोन धरून बाहेर आली. गेले आणि ती नुसती झोपलेली निघाली तर? आणि नाही गेले, तर?

अंगणात सासूबाई, भागूबाई, हळकुंडं निवडत बसल्या होत्या. "काय झालं गं? तोंड काहून पडलं? मेला का तुझा राक्षस?"

"आत्या, गुंजननं तिचं सगळं सामान मला देऊन टाकलं. घोडा, कपडे, सगळं. गेममधलं हाय, खरं न्हाई. अन् मी तिला तीन हप्ते उत्तरच दिलं न्हाई. म्हंजे दिलं, पण ते मी न्हाई दिलं."

भागूबाईंना त्यातलं निम्मंही कळलं नसावं. पण त्यांचा हात सुपात थांबला.

"लेकरू केवढं तिचं?"

"दोन महिन्याचं."

"ओली बाळंतीण बाई आपलं सामान वाटून राहिली," भागूबाई पदर झटकत उठल्या, "आन् तू मला खरं-खोटं सांगून राहिलीस? चिमीला घे. मी गुलाबसिंगला हाक मारते."

गुलाबसिंगचा ऑटो खड्ड्यांतून उडत निघाला. चिमी मांडीवर, भागूबाई शेजारी. आकांक्षा सारखा फोन लावत होती आणि सारखं तेच ऐकत होती, बंद आहे, बंद आहे.

"बाई, ऑटोला पंख न्हाईत," गुलाबसिंग म्हणाला.

"तुझ्या ऑटोला बिरेक तरी हाय का?" भागूबाई म्हणाल्या. "गुमान चालव." मग सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या, तो बाळापूर येईपर्यंत काढला नाही.

दार गुंजनच्या सासूनं, विजयाबाईंनी उघडलं. खांद्यावर बाळ, डोळ्यांत जागरण. "झोपलीय ती. हल्ली झोपूनच असते. बाळाला पाजते आणि पुन्हा भिंतीकडं तोंड. मी म्हटलं, आराम करू द्यावा. काही चुकलं का माझं?"

"तुमचं न्हाई चुकलं, ताई," भागूबाई म्हणाल्या आणि बाळ आपल्याकडं घेतलं. "पोरी, जा तू आत."

गुंजन झोपलेली नव्हती. पलंगाच्या कडेला बसली होती, केसांत कित्येक दिवस फणी नाही. आकांक्षाला बघून तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

"काहून आलीस? वेळ वाया जाईल तुझा."

"गुंजे, ते मी न्हाई लिहिलं."

"तुझ्या नावानं होतं."

"माझ्या नावानं होतं, अन् खूण पण मीच केली होती. मला वाटलं पोरांना उत्तरं जातील. तुझं मला दिसलंच न्हाई. आज दिसलं. बघ, चपलासुद्धा दोन पायात दोन घालून आले, काढायच्या पण राहिल्या."

गुंजननं खाली बघितलं. एक चप्पल आकांक्षाची, एक भागूबाईंची. ती हसली नाही, पण बघत राहिली.

"मला वाटलं, तुला पण कळलं. मी कामाची न्हाई ते. बाळ रडतं न् मी नुसती बघत राहते, आकू. मी नसले तर त्याचं बरंच होईल, असं येतं मनात. रोज येतं."

इथं बाण दाखवणारं, अंतर सांगणारं कुणी नव्हतं. आकांक्षा नुसती शेजारी बसली, अगदी खेटून. "स्वतःला काही करावंसं वाटतं का?" तिनं सरळ विचारलं.

"वाटलं होतं," गुंजन म्हणाली. "काल."

मग ती रडली, मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं. विजयाबाई दारात आल्या आणि भागूबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं. त्याच दुपारी चौघी दोन लेकरांसकट डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. बाळंतपणानंतर असं होतं, हा आजार आहे, याला औषध आहे, तिला एकटं ठेवू नका, असं बाई म्हणाल्या. निरोप मिळताच अनिरुद्ध पांढरा फटक चेहरा घेऊन तिथंच पोचला. आकांक्षा आठ दिवस बाळापूरलाच राहिली. गुंजन अजून पूर्ण बरी नाही. पण परवा तिनं फोनवर विजयाबाईंच्या देखत, न लाजता सांगितलं, "आज लई जड जाऊन राहिलं." आकांक्षा दीड तासात तिथं होती.

अ‍ॅड-ऑन दुरुस्त होऊन आलं. आकांक्षानं ते घेतलं नाही. पण ते जिथून उतरवतात त्या पानावर, पोरं 'भारी आहे', 'बाण अडकतो' असं लिहितात तिथं तिनं हे लिहिलं, मराठीत, जसं आलं तसं:

"वापरा, चांगलं आहे. फक्त आपोआप उत्तर द्यायची ती चौकट बंद करा, आणि बाजूला ठेवलेलं एकदा उघडून वाचा. कुणी आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होतं का? विचारायचं मधेच थांबलं का? तुमची कुणी मैत्रीण, बहीण, वहिनी नुकती बाळंत झाली असेल आणि 'बरी आहे' म्हणून फोन ठेवत असेल, तर तेवढ्यावर जाऊ नका. हे वाचून झालं की खेळ थांबवा आणि तिच्याकडं जा. लांब असेल तर घरातल्या कुणाला तरी तिच्याजवळ बसायला सांगा. कशी आहे ते तिच्या तोंडाकडं बघून विचारा. आजच विचारा."