डाव्या पायातली अक्कल

मास्तरांच्या गाडीत क्लच जळाल्याचा वास यावा, हे म्हणजे सोनाराच्या घरात पितळ निघावं तसं झालं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. निवृत्त झाले तरी लोक अजून सिग्नलला काच खाली करून त्यांना हाक मारतात. त्यांची बायको म्हणून या मास्तरीणबाई. खरं तर बाईंचा स्वतःचा शिवणाचा धंदा, पुढच्या खोलीत पायडलचं मशीन, दारात गिऱ्हाईक. पण नाव चिकटलं ते नवऱ्याच्या धंद्याचंच.

"कसला हो वास?" कापड घेऊन परतताना चढावर बाईंनी विचारलं.

"पुढच्या ट्रकचा असेल."

पुढे ट्रक नव्हता. पुढे एक म्हातारी सायकल ढकलत चालली होती. बाईंनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

आता बाईंचा स्वभावच संशयी. दूधवाला हसला तरी त्या दुधात बोट घालून बघायच्या. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक, आणि बाईंच्या घरात सुताला काय तोटा! पण या वेळचं सूत बऱ्यापैकी जाड होतं, हे कबूल करायला हवं. कारण क्लच हा मास्तरांचा देव होता. ऑटोमॅटिक गाडीचं नाव काढलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "ती गाडी आहे? पाळणा आहे तो! आत झोपा आणि अंगठा चोखा," असं म्हणायचे. गिअरची गाडी कशी माणसाशी बोलते, इंजिन कसं आधी कानाला सांगतं, मग पायाला सांगतं, मग हात आपोआप गिअरवर जातो, हे पुराण ऐकून बाईंचे कान किटले होते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच मंत्र. "डोळे रस्त्यावर, कान इंजिनावर, आणि अक्कल डाव्या पायात."

लग्नानंतर हा मंत्र त्यांनी बायकोलाही दिला होता. गाडी तीनदा बंद पडली, मास्तर चौथ्यांदा ओरडले, आणि नवी नवरी दार आपटून उतरली. "तुमची अक्कल तुमच्याच पायात राहू द्या," असं म्हणून ती चालत घरी आली ती आलीच. त्यानंतर बाईंनी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना एक मात्र कळत होतं. मास्तर गिअर बदलायचे तेव्हा हातातल्या पिशवीतलं दूधसुद्धा हलायचं नाही. हल्ली हलत होतं.

चार दिवसांनी त्या गॅरेजवाल्याकडे सीटची कव्हरं पोचवायला गेल्या. त्याने हात पुसत विचारलं, "वहिनी, मास्तरांनी पुन्हा शिकवणी सुरू केली का?"

"नाही बाई. का?"

"परवा गाडी दाखवायला आणली होती त्यांनी. क्लचप्लेट पार भाजून निघालीय. गेल्या वर्षीच तर नवी टाकली होती. असं शिकाऊ माणूसच करतो. पाय पूर्ण सोडतही नाही, पूर्ण दाबतही नाही. मास्तरांचा पाय असा नाही. गाडी सोमवारी आणून सोडायला सांगा, प्लेट बदलतो."

झालं! बाई घरी आल्या त्या मनाशी हिशेब जुळवतच. रोज सकाळी मास्तर गाडी घेऊन "जरा हवा खायला" जात होते. आधी पायी जायचे, आता गाडीने. हवा खायला गाडी कशाला लागते? म्हणजे कुणीतरी गाडी शिकत होतं. आणि लपवायचं म्हणजे ते कुणीतरी दाढीमिशीवालं नव्हतं. या वयात! बाईंनी इस्त्री अशी काही आपटली की टेबलावरचे धागेदोरे उडाले.

त्याच संध्याकाळी मास्तर घरात आले ते एका पायात चप्पल घालून.

"दुसरी कुठाय?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. अगदी आ वासून पाहिलं. "अगं, गाडीत राहिली असेल. आणतो."

"गाडीत चपला काढून बसता? ते काय घर आहे?"

"गरम होत होतं."

अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, आणि म्हणे गरम होत होतं! चोराला खोटंसुद्धा धड सुचेना. बाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घरात जास्त भीती वाटायची. मास्तर आपले निमूट जेवले आणि लवकर झोपायला गेले.

शनिवारी त्यांचा फोन खणखणला तेव्हा ते आंघोळीला गेले होते. बाईंनी उचलला.

"सर आहेत का? मी शोरूममधून बोलतोय. सरांनी परवा ऑटोमॅटिक चालवून पाहिली ना, त्याचंच विचारायचं होतं. मॅडमना दाखवून सांगतो म्हणाले होते. मॅडमना आवडली का?"

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. "कुठल्या मॅडमना?" त्यांनी विचारलं. पलीकडचा पोरगा गडबडला, नंतर करतो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. ऑटोमॅटिक! ज्या माणसाने सख्ख्या जावयाची ऑटोमॅटिक पाहून "अभिनंदन, पाळणा हलला" म्हणून त्याला तोंडघशी पाडलं, तो माणूस ऑटोमॅटिक चालवायला गेला होता. कुणासाठी? ज्या बयेला क्लच जमत नाही तिच्यासाठी, आणखी कुणासाठी! सगळं कसं शिवणीसारखं सरळ जुळत होतं. त्या दिवशी बाईंनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावे लावले.

सोमवारी मास्तर गाडी गॅरेजात सोडायला गेले आणि इकडे वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण कोटाचं माप द्यायला आली. बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून कोटाची कड मोजायला सुरुवात केली. ही पोरगी मास्तरांकडे शिकायला यायची आणि परीक्षेत सारखी नापास व्हायची, हे बाईंना पक्कं आठवत होतं.

"शिकलात की नाही गाडी शेवटी?" त्यांनी विचारलं.

"छे हो काकू. सोडूनच दिलं मी. परवा जिन्यात मास्तर भेटले, तर तेच म्हणाले, तुम्ही सरळ ऑटोमॅटिक घ्या."

"कोण म्हणालं?"

"मास्तर. मला आधी वाटलं चेष्टा करताहेत."

बाई इतक्या झटक्यात उठल्या की टाचण्यांचा डबा कोपराने उडाला आणि खोलीभर टाचण्या सांडल्या. डॉक्टरीण स्टुलावरच उभी राहून "काकू, काय झालं?" विचारत होती. बाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसेना. एक तर पोरगी निरागस होती, नाहीतर पोचलेली. कड तशीच अर्धी टाचून बाईंनी तिला वाटेला लावलं. मग लोहचुंबक घेऊन त्या फरशीवर बसल्या आणि दिसतील तेवढ्या टाचण्या गोळा केल्या. डोळ्यांत पाणी होतं, सगळ्या कुठल्या दिसायला?

आज विचारायचंच, असं त्यांनी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे. एवढा संसार झाला, पोरीचं लग्न झालं, आणि आता म्हातारपणी हा माणूस हातचा जाणार असेल तर ते तरी समोरासमोर कळू दे.

मास्तर आले. दाराशी चपला काढल्या आणि अनवाणीच पुढची खोली ओलांडून खुर्चीत बसले. एरवी ते शिवणाच्या खोलीत अनवाणी पाऊल टाकायचे नाहीत. कधी काळी एखादी टाचणी टोचली की अशी बोंब ठोकायचे की खालचा किराणावाला वर येऊन विचारपूस करायचा. आज ते डावा पाय उजव्या गुडघ्यावर टाकून आरामात पाऊल हलवत बसले.

बाई समोर उभ्या राहिल्या. "ती कोण आहे?"

"कोण?"

"जिला तुम्ही चोरून गाडी शिकवता ती. जिच्यासाठी पाळणा बघायला गेला होतात ती. मला सगळं कळलंय, उगाच कानावर हात ठेवू नका."

मास्तर हसायला लागले. "अगं, तुझं डोकं..."

पुढचं बाईंनी ऐकलंच नाही. त्यांची नजर हलणाऱ्या पावलावर गेली होती. तळव्यात, टाचेच्या जरा वर, निळ्या डोक्याची टाचणी होती. पार मुळापर्यंत रुतलेली. आणि वर मास्तर हसत होते.

"अहो," बाईंचा आवाज एकदम खाली आला. "पाय."

"काय झालं पायाला?"

बाई खाली बसल्या आणि त्यांनी टाचणी ओढून काढली. मास्तर त्यांच्या हाताकडे नुसते बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखे. टाचणीमागून रक्ताचा एक थेंब आला. हसू कधीच विरलं होतं.

"दुखलं?"

"नाही."

"आत शिरताना?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मग पाय खाली घेतला.

"शिकायला कुणी येत नाही गं," शेवटी ते म्हणाले. "मीच शिकतोय. गॅरेजमागच्या मैदानात जातो सकाळचा. क्लच कुठे पकडतोय ते पायाला कळतच नाही. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही गेल्या. आता खाली बघून दाबतो, शिकाऊ पोरासारखा. चप्पल गळून पडते तेही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, साखरेने नस गेली. उजवा शाबूत आहे अजून, तो सांभाळा, पण गिअरची गाडी बंद करा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? सगळ्या शहराला सांगत फिरलो, अक्कल डाव्या पायात. माझीच गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो पडला नाही, उलट पेटला. "आणि त्या पायाने मला चढावर घेऊन गेलात! रस्त्यावर माणसं होती, ती सायकलवाली म्हातारी होती! लाज नाही वाटली? यापेक्षा दुसरी बाई असती तर परवडली असती!" आणि एवढं ओरडून त्या तिथेच, त्यांच्या पायाशी बसून, हमसाहमशी रडल्या. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं," म्हणाले. "आजची शेवटची. गॅरेजात सोडली तेव्हाच ठरवलं."

रडणं ओसरल्यावर बाईंनी कापूस आणला, औषध लावलं, पट्टी बांधली. बांधता बांधता संशयाने विचारलंच, "मग ती मॅडम?"

"तूच की! दुसरी कोण मॅडम असणार आमच्या नशिबात?"

"कशी आहे ती ऑटोमॅटिक?"

"चांगली आहे." मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. "माणसाला काहीच विचारत नाही."

रविवारी गॅरेजवाल्याचा निरोप आला, गाडी तयार आहे, विकायची तर गिऱ्हाईकही आहे. बाईंनी मास्तरांना जाड तळाचे बूट घालायला लावले, नाड्या स्वतः बांधल्या, आणि दोघं चालत गेले. गाडी मागच्या मैदानात उभी होती. मास्तर सवयीने चालकाच्या दाराकडे वळले.

"तिकडे," बाईंनी हुकूम सोडला आणि चावी घेऊन स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या.

"तू?" मास्तर शेजारी बसत म्हणाले. "तू तर कानाला खडा लावला होतास."

"ओरडलात तर पुन्हा लावीन. सांगा आता."

मास्तरांनी सांगितलं. क्लच दाबायला लावला, हँडब्रेक ओढलेलाच ठेवून पहिला गिअर स्वतःच्या हाताने टाकून दिला. "आता पाय हळू सोड. अगदी हळू."

बाईंनी पाय सोडायला सुरुवात केली. पायडल काय त्यांना नवीन नव्हतं, सारा जन्म पायडलवरच गेला होता. मध्येच कुठेतरी इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी अंगातून थरथरली.

"थांब! तिथेच धर," मास्तर म्हणाले. मग जरा वेळाने, दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय लागतंय गं पायाला?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे शिकवणं नव्हतं, हे त्यांना लगेच कळलं. या वेळी मात्र त्यांनी उलट प्रश्न केला नाही.

"जाड कापड सुईखाली आलं की मशीन अडतं ना," त्या विचार करत म्हणाल्या, "तेव्हा पायडल खालून तळव्याला ढकलतं. तसं. गुदगुल्या झाल्यासारखं, पण आत, हाडाशी."

मास्तरांनी डोळे मिटले. "हं," ते म्हणाले. "तसंच. अगदी तसंच. अजून येतंय?"

"येतंय."

गाडी पुढेही जाईना, मागेही जाईना, नुसती थरथरत राहिली. हळूहळू गाडीत तो ओळखीचा वास भरायला लागला. नवी कोरी प्लेट जळत होती.

"अहो, वास येतोय," बाई म्हणाल्या.

"पुढच्या ट्रकचा असेल," मास्तर डोळे न उघडताच म्हणाले.

मैदानात चिटपाखरू नव्हतं. बाईंनी पाय तसाच धरून ठेवला.