लेखकाची रिकामी चौकट

स्कॅनरचा उजेड कागदाखालून सरकतो तेव्हा मागच्या पानावरची अक्षरं क्षणभर उलटी वर येतात, झोपेत ऐकलेल्या बोलण्यासारखी. आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी-वृत्तपत्राचे जुने अंक मी आणि ताई संगणकावर चढवत होतो. इतर कॉलेजंही आपापले अंक याच सामाईक संग्रहात ठेवणार होती.

आमच्या अंकात लेखाखाली नाव छापायची पद्धत नव्हती. संग्रहाला मात्र प्रत्येक लेखाचा लेखक हवा होता; नोंदीत त्यासाठी एक चौकट होती. एकच चौकट ताईने मला आजवर भरू दिली नव्हती. वसतिगृहाच्या गढूळ पाण्यावरून रेक्टरबाईंना धारेवर धरणारा तो लेख तिचा होता, आणि त्या रेक्टरबाई आता तिच्या सासूबाई होत्या.

“‘अज्ञात’ लिहू? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, ताई?”

“अगं, पाणीच गढूळ होतं. माशाचं काय घेऊन बसलीस!”

ती हसली. हिरवट उजेड तिच्या चेहऱ्यावरून हळूच गेला, आणि तेवढ्यापुरती ती मला विशीतली दिसली.

“घाल माझं नाव,” ती म्हणाली. “सासूबाईंना मीच सांगते.”