चार मात्रांची मोकळी जागा

गणिताचे प्राध्यापक म्हणून रिटायर झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, तात्याराव, कवितेच्या मागे लागले. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळाला स्मरणिकेसाठी फुकटचा संपादक हवाच होता. काव्य म्हणजे आवाजाचं गणित, हे ते लिफ्टमध्येसुद्धा ऐकवत. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. बेरीज जुळली की कविता पास. या हिशेबाने सोसायटीची पाणी बंदची नोटीसही कधीतरी कविता ठरली असती.

यंदा त्यांच्या मुलीने, प्रणिताने, आईवर कविता दिली. माझी बहीण अहिल्या जाऊन वर्षही झालं नव्हतं. या गृहस्थांनी पोरीसमोर बोटांवर मात्रा मोजल्या.

"शेवटच्या ओळीत चार कमी आहेत."

"बाबा, ती जागा मुद्दाम सोडलीय. तशीच छापा, प्लीज. आईसाठी एवढंच मागतेय."

"मोकळ्या जागेला मात्रा नसते."

आणि छापताना त्यांनी तिथे 'प्रेमळ' कोंबलं. माझी बहीण प्रेमळ? तिच्या जिभेची धार सोसायटीचे सगळे सेक्रेटरी अजून विसरलेले नाहीत. पण मात्रा चार भरल्या ना, झालं.

गणपतीच्या कार्यक्रमात प्रणिता स्मरणिका न घेताच माइकपुढे गेली. तिने चाल घेतली ती अहिल्या रोज सकाळी ओट्यापाशी गुणगुणायची, तीच. शेवटच्या ओळीत ती मध्येच थांबली. दिल्लीच्या धुराने अहिल्याला दमा जडला होता. नेमकी तिथेच ती श्वासासाठी थांबायची आणि मग ओळ पुरी करायची.

मी तात्यारावांकडे पाहिलं. त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. प्रणिता गप्प होती तरी ते चालत राहिलं, आणि ओळ पुढे निघाली तेव्हा बरोबर समेवर होतं. म्हणजे पेपरमागे तोंड लपवून या माणसाने रोज ऐकलं होतं तर. मला त्यांचा आणखीच राग आला.

लोक प्रसादाला उठले. तात्यारावांनी स्मरणिकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

"भानुमतीताई, पेन आहे?"

ते एकेका प्रतीतलं 'प्रेमळ' खोडू लागले. पोरीची माफी मागितली नाही. तेवढा अभ्यासक्रम त्यांनी कधी केलाच नाही. प्रणिताच येऊन शेजारी बसली.

"इतकं गडद खोडू नका, बाबा. जागा मोकळी दिसू दे."

"हो," ते म्हणाले. "चार मात्रा आहेत तिथे."

बायको गेल्यावर हे गणित सुटलं. धन्य आहे.